गुरुवारची बादली

खिशात लिंबू घेऊन फिरणारा माणूस मी आयुष्यात एकच पाहिला, आणि तोही कतारमध्ये, दोह्यात. दृष्ट लागू नये म्हणून म्हणावं, तर तेही नाही. कुणाच्याही घरी गेले की चपला काढायच्या आधी वाकायचे, लिंबू फरशीवर ठेवायचे आणि ते कुणीकडे घरंगळतंय ते बघत उभे राहायचे. "तुमचा हॉल नैऋत्येला उतरलाय, ताई," हे त्यांनी माझ्याशी बोललेलं पहिलं वाक्य. मला नाशिकहून येऊन चारच दिवस झाले होते. खोकी उघडायची होती, नवरा कामावर गेलेला, आणि दारात हा साठीला टेकलेला, कानावर पेन्सिल अडकवलेला माणूस मला दिशा सांगतोय. मी म्हटलं, "बरं, मग?"

"मग काही नाई. पाणी सांडलं तर सोफ्याखाली बघा," म्हणाले, आणि लिंबू उचलून निघून गेले.

सगळे त्यांना काका म्हणायचे, मीही म्हणायला लागले. ओल्ड एअरपोर्ट भागातला आमचा व्हिला म्हणजे मधे प्लायवूडच्या भिंती घालून केलेली चार बिऱ्हाडं. खाली एका खोलीत काका. त्यांच्या शेजारी केरळची एक नर्स आणि तिचा नवरा. तिला आम्ही सगळे चेची म्हणायचो. मागच्या आउटहाउसमध्ये पिकअप चालवणारे खानसाहेब. वरच्या मजल्यावर आम्ही तिघं: मी, नवरा आणि आमची मनू. आमच्या डोक्यावर थेट गच्ची.

लिंबू आठवडाभर एकच. शुक्रवारी त्याचं सरबत व्हायचं आणि ते काका सगळ्यांना आग्रहाने द्यायचे. आठवडाभर गावभरच्या फरशांवर लोळलेलं ते लिंबू! मी दर वेळी घसा दुखतोय म्हणून सांगायची. "साल धुतलंय की ताई," म्हणायचे, आणि माझाही पेला स्वतःच पिऊन टाकायचे. पलीकडच्या इमारतीतल्या एका मुंबईकर बाईंनी तर सरळ भानामतीचा संशय घेतला. हळदीकुंकवाला आमच्याकडे आल्या, दारातच काकांनी लिंबू सोडलं, आणि बाई वाण न घेताच परत फिरल्या. महिलांच्या ग्रुपवर त्यांचा मेसेज आला, त्या व्हिलात जाताना जरा सांभाळून. मी तो काकांना वाचून दाखवला. ते म्हणाले, "त्यांच्या इमारतीचं पार्किंग लई खोलात हाय, तेवढं सांगा त्यांना."

काकांचं गाव उदगीरकडचं. लहानपण टँकरमागे घागर घेऊन पळण्यात गेलं आणि पुढची अठ्ठावीस वर्षं या देशात जमिनीखाली नळ टाकण्यात. पाण्याचा विषय निघाला की या माणसाचा आवाजच बदलायचा. एरवी तुसडे. फोनवर बायकोशीसुद्धा तीन वाक्यांत खलास. पण पाणी म्हटलं की तास न् तास. "माणूस खोटं बोलतंय ताई, कागद बोलतोय, लेव्हलची मशीनसुद्धा बोलती. पाणी नाई बोलत. पाण्याला विचारा."

विचारायची त्यांची पद्धत म्हणजे गुरुवारची बादली. गुरुवारी संध्याकाळी कामावरून आले की एक निळी प्लास्टिकची बादली भरायची, कंपाउंडच्या एकेका जाळीवर ओतायची, मग गच्चीवर जाऊन तिथल्या दोन्ही भोकांत ओतायची आणि मनगटावरच्या घड्याळात बघत उभं राहायचं. आठवड्यामागून आठवडे, वर्षामागून वर्षं. ज्या गावात वर्षातून चार दिवस पाऊस, तिथे!

मी एकदा न राहवून म्हटलंच, "काका, चार दिवसांसाठी एवढा खटाटोप?"

"ते चार दिवस कोणते ते आधी सांगा. बाकीचे दिवस बसतो मी निवांत."



दुसरा त्यांचा उद्योग म्हणजे वीट. कंपाउंडच्या मागच्या भिंतीला, अगदी तळाच्या थरात, एक वीट त्यांनी सुटी करून ठेवली होती. पलीकडे मोकळा प्लॉट, आमच्यापेक्षा हातभर खोल. घरमालकाला, म्हणजे आमच्या अरबाबला, ती वीट डोळ्यांत खुपायची. मनाने दिलदार माणूस, दर ईदला खजुराचं खोकं पाठवणार, पण विटेवरून दोघांची कायम जुंपलेली. त्याने दोनदा सिमेंट भरून घेतलं, दोन्हीदा यांनी स्क्रू-ड्रायव्हरने कोरून वीट परत मोकळी केली. शेवटी अरबाब स्वतः आला आणि हिंदीत म्हणाला, "ये ईंट तुम्हारा है या मेरा?"

"ईंट आपका, अरबाब. पानी सबका," काका म्हणाले. अरबाबने कपाळाला हात लावला आणि गाडीत बसून गेला.

आता जे सांगायचं ते सांगताना मला अजूनही अपराध्यासारखं होतं, पण सांगते.

त्या वर्षी नवऱ्याने नाशिकहून शाडूचा गणपती आणला होता, विमानात मांडीवर घेऊन. मनूने त्याच्या मुकुटावर लाल खडा चिकटवला. विसर्जन आमचं गच्चीवर, टबात. सगळे यायचे. खानसाहेब जिन्याशी उभे राहायचे आणि प्रसादाला पहिला हात त्यांचा असायचा. काका आरती एवढ्या बेसूर म्हणायचे की मनू कानावर हात ठेवायची. टब झाकून ठेवताना काका मला म्हणाले, "ताई, उद्या माती तळाला बसली की पाणी झाडांना, माती कुंडीत. मोरीत नाई."

"मला काय एवढंही कळत नाही का, काका?"

कळत होतं. पण दुसऱ्या दिवशी मनूची बस चुकली, डबा राहिला, नवऱ्याला अल रुवैसला बंदराच्या कामावर जायचं होतं, आणि दहा वाजता गच्चीवर पाय ठेवला तर तळपाय भाजले. कुंड्या सगळ्या कढीपत्त्याने भरलेल्या. टबाच्या तळाशी बोटभर चिखल, त्यात दूर्वा, जास्वंदी, दोरे. मी "देवा, माफ कर" म्हटलं, टब गच्चीच्या भोकाशी कलंडवला, वरून पाइपाने पाणी मारलं आणि खाली आले. कुणी पाहिलं नाही. आमच्या घरात विसर्जनाची माती पायदळीसुद्धा येऊ देत नाहीत, तर गटार दूरच. त्यामुळे हे मी नवऱ्यालाही सांगितलं नाही.

झालं असं की दिवाळीच्या सुमारास काकांचा गुडघा धरला. जिना चढताना भिंतीला धरून उभे राहायला लागले. मला वाईट वाटलं. खरंच वाटलं हो, ते काही खोटं नव्हतं. मी म्हटलं, "काका, खालचं तुम्ही बघा, गच्चीचं मी बघते." त्यांनी निळी बादली माझ्या हातात अशी दिली, जशी कुणी घराण्याची तलवार देतो. "घड्याळ लावून बघा," म्हणाले.

पहिल्या गुरुवारी पाहुणे होते. दुसऱ्या गुरुवारी मी विसरले. तिसऱ्या गुरुवारी आठवलं, पण मालिका लागली होती. दर वेळी काका खालून हाक मारायचे, "ताई, गेलं का पाणी?" आणि मी बाल्कनीतून ओरडायची, "गेलं!"

"किती वेळ लागला?"

"दोन मिनिटं!"

त्यावर जरा वेळ काही नाही, आणि मग, "बरं." दर गुरुवारी हेच. बादलीत मी कांदे ठेवायला सुरुवात केली होती.

नोव्हेंबरात माझी आई आली, आणि डिसेंबरात बाथरूममध्ये पाय घसरून पडली. खुब्याचं हाड. ऑपरेशन नीट झालं, पण डॉक्टरांनी बजावून सांगितलं: सहा आठवडे पाय वळता कामा नये, झटका बसता कामा नये. सांधा निसटला तर दुसरं ऑपरेशन, आणि या वयात मग चालण्याची खात्री नाही. आईने सगळं ऐकून घेतलं आणि घरी आल्यावर मला म्हणाली, "मी आले ती चालत आले आणि जाणार ती चालत जाणार. विमानतळावर चाकाची खुर्ची आणलीस तर तोंड बघणार नाही तुझं." बहात्तर वर्षांची बाई. नाशिकला तिचं घर, तिच्या मैत्रिणी, तिची सकाळची फेरी. ती फेरी गेली तर ती वर्षभरही टिकणार नाही, हे मला माहीत होतं आणि तिलाही.

भाड्याचा हॉस्पिटलचा पलंग आणला, तो खोलीतच जोडला. जोडल्यावर कळलं की तो दारातून बाहेर निघणार नाही. निघून जाणार तरी कुठे होता म्हणा.

काका गुडघा धरत धरत रोज आईला बघायला वर येऊ लागले. पहिल्याच दिवशी लिंबू सोडलं. आई उशीवरून मान वळवून बघत राहिली. लिंबू पलंगाखालून निघालं ते थेट दारात.

"उतार दाराकडं हाय, आक्का," काका म्हणाले.

"मग बरंय, भाऊ. ही खोली मला लवकर बाहेर काढणार," आई म्हणाली. दोघांची तिथेच गट्टी जमली. टँकर, आड, विहिरीला लागलेलं पाणी, न लागलेलं पाणी. मी चहा करकरून दमले.

संक्रांत झाली आणि पुढच्या आठवड्यात मोबाइल कर्कश वाजायला लागले. वादळी वारे, जोराचा पाऊस, घरातच थांबा. शाळा ऑनलाइन झाली. नवरा अल रुवैसला होताच. सकाळी आभाळ आधी पिवळं झालं, मग विटकरी. वाऱ्याने वाळू खिडकीवर मूठमूठ फेकली. आणि मग पाऊस जो आला! गारांसकट. मनू खिडकीशी उड्या मारत, "आई, इट्स स्नोइंग!" खानसाहेब अंगणात दोन्ही हात पसरून उभे, "रहमत है, बहनजी, रहमत!"

"रहमतीला बी वाट लागती, खानसाहेब," काका ओरडले. "यल्ला, गाडी हटाव!"

त्या दिवशीचे काका काही वेगळेच होते. पँट गुडघ्यापर्यंत वर, डोक्यावर कचऱ्याची काळी पिशवी, लंगडत या टोकापासून त्या टोकापर्यंत. कोणती गाडी कुठे लावायची, कुठल्या दाराला वाळूची पोती, कुठल्या जाळीवर कोण झाडू घेऊन उभं राहणार, सगळं यांच्या डोक्यात आधीपासून तयार. अर्ध्या तासात गल्लीचा तलाव झाला. पलीकडच्या इमारतीतल्या गाड्या बॉनेटपर्यंत बुडायला लागल्या. माझ्या फोनवर महिलांचा ग्रुप पेटला, आणि त्यात त्याच मुंबईकर बाई: "अहो, ते लिंबूवाले काका आहेत का? विचारा ना, गाडी कुठे हलवू?" काकांनी माझ्याच फोनवर त्यांना बोलून मेसेज पाठवला, "बेकरीसमोर लावा. तिथं उंचवटा हाय. आणि हो, लिफ्ट वापरू नका."

तासाभरात बेकरीसमोर सतरा गाड्या. लोक आपली सोडून दुसऱ्याची गाडी ढकलत होते. कुणीतरी इजिप्शियन मास्तर, कुणी फिलिपिनो मुली, सगळे एका सुरात यल्ला यल्ला.

आमच्या कंपाउंडात पाणी चेचीच्या उंबऱ्याला टेकलं. चेचीने गळ्यातल्या क्रूसावर हात ठेवला. काका पाण्यातून मागच्या भिंतीपाशी गेले, वाकले आणि वीट काढली. देवाशपथ सांगते, इतक्या वर्षांत ज्या विटेला आम्ही हसलो, त्या विटेच्या जागेतून पाणी असं सुटलं की पलीकडच्या प्लॉटमध्ये ओढाच लागला. उंबऱ्यावरचं पाणी पायरीवर, पायरीवरचं फरशीवर. टाळ्या काय, शिट्ट्या काय! खानसाहेबांनी काकांना उचललंच. मी बाल्कनीतून ओरडले, "काका, सगळे वर या, चहा टाकते!"

नवऱ्याचा फोन आला. बंदराजवळच्या शमाल गावातल्या एका कॅफेटेरियात अडकलाय, बोटी एकमेकींवर आपटतायत, रस्ता बंद केलाय, संध्याकाळपर्यंत काही निघता येणार नाही. मी म्हटलं, "इकडची काळजी करू नकोस. आमच्याकडे काका आहेत." आणि चहाचं आधण ठेवलं.

सगळे वर आले. मी कप भरत होते, तेवढ्यात आईच्या खोलीतून हाक आली.

"अगं, माझ्या तोंडावर थेंब पडतायत."

आत गेले. आईच्या डोक्यावरच्या जिप्समच्या छताला पोट सुटलं होतं, फुगलेल्या पुरीसारखं. दिव्याच्या कडेने पाण्याची धार. मला क्षणात सगळं कळलं. गच्ची. दोन मिनिटं. शाडू.

काका माझ्या मागे उभे होते. त्यांनी छताकडे पाहिलं, मग माझ्याकडे. "लाइटचं मेन पाडा," म्हणाले. "आक्काला हॉलमध्ये घ्या. आत्ता." आणि जिन्याकडे वळले. ज्या माणसाला आठ पायऱ्या चढायला भिंत लागत होती, तो कठड्याला धरून जवळजवळ ओणवा होऊन वर गेला.

पलंग दारातून निघेना, हे तर ठरलेलंच. खोली एवढीशी, सरकवणार कुठे? "उचलायचं नाही, सरकवायचं नाही, वळवायचं नाही," मी नुसतीच बडबडायला लागले. मला चेचीने खांद्याला धरून हलवलं. "दीदी, सुनो. मैं रोज ये करती हूँ." तिने आईच्या दोन्ही पायांच्या मधे उशी घातली, ओढणीने हलकेच बांधली, खालच्या चादरीची चार टोकं गुंडाळली. दोन टोकं खानसाहेबांकडे आणि तिच्या नवऱ्याकडे, दोन तिच्याकडे नि माझ्याकडे. "तीन बोलूँगी, तब. कोई झटका नहीं." मनू दार धरून उभी होती. "आजी, डोंट मूव्ह, ओके? डोंट मूव्ह." आईने डोळे मिटून घेतले होते. ओठ हलत होते, पण आवाज नाही. माझी आई घाबरलेली मी तेव्हा पहिल्यांदा पाहिली.

एक, दोन, तीन.

दारातून चौघं एका वेळी जाईनात. खानसाहेब मागे सरकत, चेची कडेने, मी भिंतीला खरचटत. इंच इंच. वरून छत कुरकुरत होतं. हॉलमध्ये गादीवर टेकवलं तेव्हा माझे दोन्ही हात बधिर झाले होते. चेचीने पाय तपासला, बोटं हलवायला सांगितली. आईने बोटं हलवली. चेची म्हणाली, "सब ठीक, अम्मा." मी चादर सोडली आणि जिन्याने वर पळाले.

गच्चीवर घोटा बुडून वर पाणी. वाऱ्याने डिशचे तवे आडवे. टाकीखालचं भोक एकटंच पाणी ओढत होतं, त्याला ते झेपत नव्हतं. काका पलीकडच्या कोपऱ्यात, मी टब कलंडवला होता त्याच कोपऱ्यात, पाण्यात बसले होते. एका हातात सळई, दुसरा हात खांद्यापर्यंत आत. ढोसत होते, उपसत होते, शिव्या देत होते. उदगीरकडच्या शिव्या, त्या इथे लिहिता येणार नाहीत. एकदम हात बाहेर आला. मुठीत काळपट-पांढरा गोळा, त्याला दूर्वांची दाढी. आणि पाण्याने असा घोट घेतला की सगळी गच्ची घुसळली.

त्याच वेळी खालून धप्प असा आवाज आला. मी खाली धावले. खोलीत छत पडलं होतं, पलंगावर, बरोबर उशीच्या जागी, ओल्या जिप्समचा हा एवढा ढीग.

"काय पडलं गं?" आई हॉलमधून.

"छत पडलं, आई!"

"मग मी कुठेय?"

"हॉलमध्ये!"

"मग रडतेस कशाला? त्या भाऊंना आधी टॉवेल दे."

मी मटकन खाली बसले आणि हसायलाच लागले. हसू थांबेना, रडू थांबेना. चेचीपण हसायला लागली, खानसाहेबही. मनूने आजीच्या कुशीत डोकं खुपसलं आणि चक्क मराठीत म्हणाली, "आजी, तू वाचलीस." सुटलो! अंगातला प्रत्येक सांधा सैल झाला माझा. संध्याकाळी पाऊस थांबला, पाणी ओढणारे टँकर गल्लीत लागले, मुंबईकर बाईंनी पातेलंभर मसालेभात पाठवला, आणि आमच्या हॉलमध्ये दहा माणसं मांडीला मांडी लावून जेवली. चेचीच्या हॉस्पिटलातल्या डॉक्टरांनी तिसऱ्या दिवशी फोटो काढून सांगितलं की सांधा जागच्या जागी आहे. मी त्या डॉक्टरांच्या पाया पडायची बाकी राहिले होते.

पण काका गच्चीवरून खाली आले ते मूठ मिटूनच. चेचीने विचारलं, "अंकल, क्या था अंदर?" त्यांनी माझ्याकडे पाहिलं नाही. मुठीतलं काहीतरी लिंबाच्या खिशात टाकलं आणि म्हणाले, "कबूतर. घोंसला बनाया था." टाकताना मला दिसलं. लाल खडा.

दोन दिवसांनी अरबाब आला. खालचा मजला कोरडा बघून खूश झाला, वीट हातात घेऊन तिच्यावरून हात फिरवला, "खल्ली, रहने दो," म्हणाला. मग वरचं छत बघून त्याचा चेहरा उतरला. गच्ची कोण बघतो म्हणून त्याने विचारलं.

"मैं," काका म्हणाले. "मेरी ड्यूटी. घुटना खराब, ऊपर नहीं गया. कबूतर का घोंसला. गलती मेरी."

अरबाब जरा रागावून बोलला. अठ्ठावीस वर्षं नळ टाकलेल्या माणसाला, सगळ्यांदेखत. काका मान खाली घालून उभे. आणि मी? मी तिथेच, चार हातांवर. हॉलमधल्या गादीवरून आई ऐकत होती. तोंडापर्यंत आलेलं मी गिळलं. भित्री, दुसरं काय!

आई मार्चमध्ये नाशिकला परत गेली. काठी होती हातात, पण चालत गेली. विमानतळावर खुर्ची घेऊन आलेल्या मुलाला तिने हातानेच "शुक्रन" करून लांब केलं. वळून बघितलंसुद्धा नाही, मोठ्या ऐटीत गेली. काका पोचवायला आले होते. आई आत गेल्यावर म्हणाले, "आक्काचा तोल मस्त हाय. डावीकडं जरा उतार, पण चालतंय."

तेव्हापासून गुरुवारी मी खरोखर वर जायला लागले. पहिल्यांदा बादली ओतली, मोबाइल लावला. पाणी गेलं. बघते तर अठ्ठावीस सेकंद. परत ओतली. एकोणतीस. काका खालून ओरडले, "गेलं का, ताई?"

"गेलं! अर्धं मिनिट!"

"बरं!" त्या दिवशीचं 'बरं' लगेच आलं. मला तेव्हा काहीतरी टोचलं, पण काय ते कळलं नाही.

गेल्या वर्षी काकांचं काम संपलं, कायमचे गावी निघाले. जायच्या सकाळी वर आले. सवयीने लिंबू सोडलं, ते सवयीने सोफ्याखाली गेलं. हातात एक कुंडी होती. लिंबाचं रोप, वीतभर. कडेला मातीत लाल खडा बसवलेला.

"यात ती माती हाय," म्हणाले. "त्या दिवशी गोळा करून ठेवली होती. बागेची माती, खत घातलं, बी लावलं. शाडूत लिंबू येत नाई खरं म्हणजे. पण आलंय. मोरीतली माती कुंडीत गेली, आता तुमच्या देवाचं काही म्हणणं नाई."

इतके दिवस साठवलेलं एका दमात बाहेर पडलं. "काका, ते कबूतर मीच होते. माती मीच ओतली. गच्चीवर मी एकदासुद्धा गेले नव्हते. दोन मिनिटं, दोन मिनिटं म्हणून खोटंच सांगत होते तुम्हाला. आणि अरबाबसमोर तुम्ही..."

काका खाली वाकून सोफ्याखालून लिंबू काढत होते. गुडघा धरून उठले, लिंबू शर्टाला पुसलं.

"ताई, त्या भोकातून बादली जायला अर्धं मिनिट लागतंय. सात वर्षं मोजलंय मी. तुम्ही पहिल्या गुरुवारी दोन मिनिटं म्हणालात, तेव्हाच कळलं मला. एक तर तुंबलंय, नाई तर ताई वर गेल्याच नाईत. दोन्हीला उपाय एकच, आपण वर जाऊन बघणं. आणि मी प्रत्येक गुरुवारी 'बरं' म्हणालो आन् गुडघा धरून खाली बसलो." त्यांनी लिंबू माझ्या हातात ठेवलं. "अरबाबला मी खोटं नाई सांगितलं. फक्त कबुतरं दोन होती."

खाली खानसाहेबांनी पिकअपचा हॉर्न दिला. तो शुक्रवार होता. मी म्हटलं, "खानसाहेब, पाच मिनिटं थांबा!" आणि आत जाऊन त्या लिंबाचं सरबत केलं. दोन पेले. माझा पेला मी शेवटच्या घोटापर्यंत प्यायले.